चौकटीतल्या माणसाला उत्तर

मानवत गावाच्या वेशीवर ‘धन्यवाद, पुन्हा या’ अशी पाटी आहे. एसटी तिच्यापाशी आली की आमचे दाजी खिडकीतून हात बाहेर काढून म्हणतात, “येतो, येतो.” शेजारचा प्रवासी जरा सरकून बसतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. सेलूत त्यांची टायपिंग इन्स्टिट्यूट. लिहून आलेल्या मजकुराला उत्तर न देणं म्हणजे त्यांच्या मते बेअदबी. दंतमंजनाच्या जाहिरातीत ‘आपले दात मजबूत आहेत का?’ असं छापून आलं, तर यांचं पोस्टकार्ड जाणारच: ‘महोदय, आपल्या चौकशीच्या संदर्भात कळवितो की, वरचे आहेत, खालचे दोन नाहीत.’

अक्का गेली, त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी हैदराबादेहून एक जुना कॉम्प्युटर आणला. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. खोलीत चप्पल बंद, मशीनवर टॉवेल. कुणाच्या तरी फ्लॉपीतून त्यात एक आगंतुक शिरला. काम चालू असताना मधेच चौकट उघडायची: ‘आज कसे आहात? तुमचा कॉम्प्युटर थकला आहे का? आमच्याकडे आणा.’ खाली हैदराबादच्या कुठल्याशा दुकानाचा पत्ता. सगळं इंग्रजीत. बटण दाबलं की जायची, पाव तासानं पुन्हा हजर.

ती घालवायला मी परभणीहून गेलो. घरात कॉम्प्युटरचा जाणकार मीच. एका बँकेत तो काचेतून पाहिला होता. परभणीतल्या एका मेकॅनिकनं खास फ्लॉपी दिली होती. ती घालून मशीन चालू केलं की चौकट साफ. मी ती फ्लॉपी घडी करून खिशात घालणार, तेवढ्यात त्यानं हात धरला म्हणून वाचली.

मी पोचलो तेव्हा गिऱ्हाईक म्हणून आलेल्या सुमनताई नर्सच्या नोकरीचा अर्ज छापून घेत होत्या. कागद बाहेर आला. वाचून त्या गोंधळल्या.

“सर, माज्या शिक्षणाच्या खाली मला कोन इचारायलंय, कशी हायेस म्हनून?”

“हैदराबादचे हायत,” दाजी म्हणाले. “लय सज्जन मानसं.”

“पन साहेबाला वाटंल, मीच त्यायला इचारायले.”

दाजींनी मशीन बंद करून जुना टाइपरायटर ओढला आणि अर्ज पुन्हा टाइप केला. ताई सही करून गेल्या.

“दाजी, ती जाहिरात हाय. मानूस न्हाई त्याच्यात,” मी म्हणालो.

“मानूस नसताना कसे आहात म्हनून कोन इचारतंय?”

“ते सगळ्यांलाच इचारतंय.”

“मग मोठ्या मनाचं हाय.” ते अर्जाचं पाकीट चिकटवत म्हणाले. “पत्रं टाकलेत आमी. जवाब येऊ द्या, मग काय साफ करायचं ते करा.”

पुढची दोन मिनिटं मला त्यांचंच बरोबर वाटत होतं.

टपाल निघायच्या आत अर्ज पडायला हवा म्हणून दाजी पोस्टात गेले. चौकट साफ करायला संधी चांगली होती. पण त्यांनी हैदराबादला कळवलंय तरी काय, म्हणून मी त्यांची पत्रांची फाइल उघडली. पाठवलेल्या प्रत्येक पत्राची कार्बन कॉपी ठेवायची त्यांची जुनी शिस्त.

‘महोदय, आपल्या आजच्या चौकशीच्या संदर्भात कळवितो की, प्रकृती ठीक. वरणात मीठ दोनदा पडले.’

‘महोदय, सकाळपासून कोणाशी बोलणे झालेले नाही. सबब घसा बरा झाला किंवा कसे, हे सांगता येत नाही.’

अशी सोळा-सतरा. सगळ्यात वरचं मागच्या आठवड्यातलं: ‘महोदय, डावा गुडघा फार दुखतो. जिना चढवत नाही, म्हणून खाली इन्स्टिट्यूटमध्येच झोपतो. ही बाब परभणीच्या मेहुण्यास कळविलेली नाही. त्याने विचारलेले नाही.’

मी फ्लॉपी पिशवीत ठेवली.

दाजी आले. पायरीवर चप्पल काढताना त्यांनी भिंत धरली. इतकी वर्षं मी या घरी येतोय. ते भिंत कधीपासून धरायला लागले, आठवेना.

“दाजी,” मी म्हणालो, “गुडघा कसा हाय?”

त्यांनी आधी पडद्याकडे पाहिलं. तो बंद होता. मग स्टूल ओढून ते हळूहळू माझ्यासमोर बसले.

“तुमची गाडी कितीची हाय?” त्यांनी विचारलं. “जरा येळ लागंल सांगायला.”