नांवाशेजारीं प्रकार बसविल्याची हकीकत

श्रीलेखणीमाता प्रसन्न. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध सप्तमी, ते दिवशीं संगणकभाषेच्या राज्यांत जें घडलें तें ऐकिलें तैसें लिहिलें असे. राज्याचे वेशीवर देवडी होती. येणारा हरएक हुकूम तेथें उभा करावा आणि हा आंकडा, हें गांव, हा कागद, ऐसा त्यांतील हरएक नांवाचा प्रकार पाहून आंत सोडावा, हें देवडीचें काम. कारभारी हरबाजीपंत तुळपुळे, वीस वर्षांचे चाकर. रीत जुनी, नांवांची याद एकीकडे, प्रकारांची दुसरीकडे, आणि दोन्ही मोजून जुळवाव्या. मार्गशीर्षांत पंतांनीं नांवांत मधेंच एक नवें नांव घातलें आणि त्याचा प्रकार घालावयाचा राहिला, मग खालचे सारे प्रकार एक घर सरकले, आणि शंभर घोडे मागितले असतां 'शंभर' हें गांव समजून स्वार तीन दिवस रानोमाळ हिंडले. दरबारांत हशा पिकला. दिवाण शिवदेवराव गरजले, "पंत, ज्येष्ठापर्यंत बंदोबस्त करा, नाहींतर लेखणी खालीं ठेवा!" पंत तसेच घरीं आले.

त्यांचें कुटुंब बयाबाई लोणचें भरीत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, चिठ्ठी बरणीलाच चिकटवतात. दारावर यादी लावून बरण्या कोण मोजत बसतो?" पंत ताडकन उठले, आणि कंबर कसून नवी रीत लिहिते जाहले: आधीं नांव, मग दोन टिंबें, मग प्रकार. 'घोडे: आंकडा.' आतां मधें कोणी शिरला तरी खालचा हलेना. जुन्या मंडळींनीं कल्लोळ केला, "आमचे जुने हुकूम बाद होतील!" पंत म्हणाले, "एकही होणार नाहीं. जुनी रीतही चालेल, देवडी फक्त एकवार टोकेल."

नेमल्या दिवशीं चारशें बारा जुने हुकूम सोडिले आणि सारे सुखरूप आंत गेले. मग दिवाणजींनीं मिशीवर ताव देऊन स्वहस्तें नव्या रीतीच्या देवडीवर हुकूम धाडिला, "तोफा पुष्कळ पाठवा." देवडीनें जागींच अडविला आणि सांगितलें, "तोफांस आंकडा पाहिजे. 'पुष्कळ' हा आंकडा नव्हे." दिवाणजी लाल जाहले, मग गदगदां हंसले, "पंत, वांचवलेंत! नाहींतर आमचे स्वार 'पुष्कळ' नांवाचें गांव शोधीत फिरले असते!" आणि शाल दिली, नगारे वाजविले. ती शाल पंतांनीं घरीं जाऊन बयाबाईंस पांघरविली.

एणेंप्रमाणें प्रकार नांवाशेजारीं बसला, पंतांची लेखणी हातीं राहिली, आणि शंभर नांवाचें गांव अद्याप कोणास सांपडलें नाहीं.