‘गांजलो’ या क्रियापदाची चौकशी

पोलीस चौकीत गेलेली ती तक्रार शामलाबाईंनी लिहिली होती. स्वहस्ते, रेघी कागदावर, समास सोडून लिहिली होती आणि तिच्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. (हा शेवटचा मुद्दा त्यांनी पुढे प्रत्येकाला किमान दोनदा सांगितला.)

तक्रार होती शेजारच्या शेळीविरुद्ध. नळदुर्ग आणि अणदूर यांच्या मधल्या वस्तीवर शामलाबाई आणि त्यांचे यजमान बाबूराव निवृत्तीनंतर राहायला आले, तेव्हा बाईंनी परसात हौसेने अंबाडी लावली. कुंपणापलीकडे शंभुलिंगअण्णा राहत. हमरस्त्यावर तीस वर्षे ट्रक चालवून आता ते घरी बसले होते. त्यांच्या पत्नी कडूबाई, आणि कडूबाईंची शेळी. बाई मराठीच्या शिक्षिका; त्यांच्या शाळेची सुटायची घंटा चौतीस वर्षे चार वाजून वीस मिनिटांनी झाली, म्हणून आजही त्या घरात चहा चार वीसलाच होई. बाई चहाला आत वळल्या, की शेळी परसात शिरे.

बाबूरावांनी तहसिलीत टपालाच्या टेबलावर आयुष्य काढले होते. ते भीत भीत म्हणाले, “अगं, ‘शेळी त्रास देते’ एवढंच लिही. अर्ज जेवढा लहान, तेवढा लवकर वाचतात.”

“‘त्रास’ कुणीही लिहितं,” बाई म्हणाल्या. “‘गांजणे’ या क्रियापदाला जी धार आहे, ती ‘त्रासा’ला नाही.”

आणि त्यांनी लिहिले : ‘शेजारी श्री. शंभुलिंग यांच्या घरच्या उपद्रवाने आम्ही गांजलो आहोत. प्रतिदिनी दुपारी ४.२० वाजता परसात प्रवेश होतो, पाल्याचे यथेच्छ सेवन होते व तदनंतर धुंदावलेल्या नेत्रांनी निर्गमन होते. माल दिवसेंदिवस घटत आहे. तरी बंदोबस्त व्हावा.’

भाववाचक नामांच्या या मिरवणुकीत ‘शेळी’ हा शब्द घालायचा राहून गेला, हे कुणाच्याच ध्यानात आले नाही. बाबूरावांच्या आले होते. पण बेचाळीस वर्षांच्या संसारात बाईंचा मजकूर दुरुस्त करण्याची प्रथा पडलेली नव्हती.

तिसऱ्या दिवशी, बरोबर चार वीसला, शंभुलिंगअण्णांच्या दारात पोलिसांची जीप उभी राहिली. पुढे उपनिरीक्षक देवश्रीमॅडम, ठाणे शहरात वाढलेल्या, नोकरीत सहा महिन्यांच्या. मागे हवालदार रणधीर, बाईंचा जुना विद्यार्थी. अण्णा बाजेवर बसून दावे वळत होते.

“माल कुठं आहे?” मॅडमनी विचारले.

“कसला माल, मॅडम? ट्रक इकून आठ वर्सं झाली की.”

“कुठून यायचा?”

“कवा सोलापूर, कवा हैद्राबाद. सिमिट, कांदा, येकदा तर सर्कशीचा तंबू.”

तेवढ्यात रणधीरला देवळीत मातीची चिलीम दिसली. अण्णांचा चेहरा उतरला. कडूबाई पुढे झाल्या. “उदबत्तीचं घर हाय त्ये! बघा की, काडी खोचली हाय.”

गलबला ऐकून शामलाबाई चहाची कपबशी हातात घेऊनच आल्या. एका अर्जावर एवढी त्वरा! त्यांना शासनाविषयी आदर वाटला. मॅडम त्यांना बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाल्या, “खबर तुम्हीच दिलीत ना? मोठं धाडस केलंत. केव्हापासून चाललंय?”

“श्रावणापासून.”

“सेवन कितीजण करतात?”

“आधी एकटीच यायची. परवापासून दोन अपत्यंही बरोबर आणते.”

“अपत्यं?” मॅडमचा आवाज चढला. “वय काय त्यांचं?”

“तीन महिने.”

मॅडम मटकन ओट्यावर बसल्या. मग ताडकन उठून म्हणाल्या, “रणधीर, या अण्णांना गाडीत घ्या. गांजाचं प्रकरण आहे.”

“गांज्याचं,” बाई सवयीने म्हणाल्या. “आकारान्त पुल्लिंगी नाम, सामान्यरूप...” आणि तिथे त्या थांबल्या, कारण त्या सामान्यरूपाचा अर्थ तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात शिरला.

अण्णा दावे खाली ठेवून उभे राहिले होते. कडूबाईंनी बाईंकडे पाहिले. “बाई, तुमी लिवलंत? शेळीनं चार पानं खाल्ली म्हून माझा मानूस धरून दिलात?”

बशीतला चहा पदरावर सांडला. अण्णा आज त्या जीपमध्ये बसले, तर उद्या खरेखोटे काहीही ठरो, वस्तीवर त्यांचे नाव ‘गांजावाला शंभू’च पडणार, हे बाईंना स्वच्छ दिसले. (आणि सामान्यरूप न करता.)

“शेळी! मी शेळीबद्दल लिहिलंय!” त्या ओरडल्या.

मॅडमनी खिशातून अर्ज काढला. त्यावर जागोजागी लाल रेघा मारलेल्या होत्या. चौतीस वर्षे बाईंनी अशा रेघा दुसऱ्यांच्या मजकुरावर ओढल्या होत्या.

“यात शेळी कुठंच नाही. ‘गांजलो’ आहे, ‘पाला’ आहे, ‘माल’ आहे, ‘सेवन’, ‘धुंद’ आहे. आणि वर चार-वीस!”

“चारसोबीस? त्ये म्या न्हाय,” अण्णा घाईने म्हणाले. “फसवलं न्हाय कुनाला.”

“ते चारशेवीस निराळं. परदेशात म्हणे काही पोरं शाळा सुटल्यावर चार वाजून वीस मिनिटांनी गांजा ओढायला जमायची. तेव्हापासून तो आकडाच जगभर सांकेतिक शब्द झाला. मला वाटलं, बाईंनी धाकानं सांकेतिक भाषेत खबर दिली.”

रणधीर खाली मान घालून पुटपुटला, “मॅडम, आमचा व्याकरणाचा जादा तास बी चार वीसलाच असायचा. आमी पन सुटल्यावर गुंगीतच घरी जायचो.”

“रणधीर!”

“व्हय बाई.”

बाईंनी सर्वांना परसात नेले. मॅडमनी अंबाडीची करवतकाठी, बोटांसारखी फाकलेली पाने पाहिली आणि मोबाइल काढला. “ही बघा! फोटोतली हीच पानं! म्हणजे लागवड तुमच्याकडे आहे?”

बाई ‘अंबाडी’ या शब्दाची व्युत्पत्ती सांगू लागल्या. कडूबाईंनीच पुढे होऊन एक पान खुडले आणि मॅडमच्या हातावर ठेवले. “चावा. आंबट लागलं तर अंबाडी. न्हाय लागलं तर आमाला समद्यास्नी न्या.”

मॅडमनी पान चावले. एक डोळा मिटला, खांदे वर गेले. चौकशीचा तो भाग तिथेच संपला.

“पण चिलीम राहिलीच,” मॅडम म्हणाल्या.

अण्णांनी खोटे बोलायचे ठरवले असते, तर जमले असते. ते म्हणाले, “वढत हुतो. न्हाय म्हनत न्हाय. गाडीवर समदेच वढायचे. येकदा उमरग्याच्या अलीकडं रस्त्यात म्हैस उभी दिसली. अर्धा तास हारन दिला, हटंना. मागं गाड्यांची ही रांग! किलिनर उतरून बघतो, तर म्हैस न्हायच. तवा सोडली. चिलीम ठेवली ती याद म्हून. पर मॅडम, येक सांगा. शिवरात्रीला भांग प्याली तर परसाद, अन् चिलीम वढली तर जेल. झाड येकच की!”

“झाड एकच, पण कायदा अवयव बघतो. गांजा म्हणजे फुलोरा. नुसती पानं त्या व्याख्येत बसत नाहीत; भांगेचे नियम वेगळे.”

“व्याख्या नेटकी आहे,” बाईंना राहवले नाही. “परंतु व्यसनाला अवयवभेद नसतो. नीतीच्या दृष्टीनं...”

“मग बाई, तुमच्या कमरंची तपकिरीची डबी?” कडूबाई म्हणाल्या.

“ती सर्दीसाठी आहे.”

“बारा म्हैन्यांची सर्दी?”

बाबूराव एकदम अंबाडीची पाने मोजू लागले.

मॅडमनी हसू आवरले. “चिलमीत उदबत्तीची राखच आहे. पण खबर लेखी आली आहे. तुमची शब्दयोजना चुकली, असं लेखी दिलंत, तरच मला हे प्रकरण इथं थांबवता येईल.”

“चुकली? ‘गांजणे’ म्हणजे छळणे. शब्द अचूक आहे!”

अण्णा मुकाट्याने पायात चपला सरकवत होते. न्यायचेच झाले, तर तयार असावे म्हणून. डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला होता. पाय त्यात काही केल्या अडकेना.

शामलाबाईंनी मॅडमकडे कागद-पेन मागितले. ओट्यावर बसून त्यांनी लिहिले. ‘आम्ही गाजलो आहोत, हे विधान केवळ शेळीस उद्देशून होते. माझी शब्दयोजना चुकली.’ ‘चुकली’पाशी पेन बराच वेळ थांबले; पण पुढे गेले.

मग तिथेच ठरले, की शेळी चार ते पाच दाव्याला बांधावी. अंबाडीचा एक वाफा तिच्यासाठी सोडावा. आणि बाईंचा कोणताही अर्ज यापुढे आधी कडूबाईंनी वाचावा. कारण त्या चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या, आणि जे त्यांना कळेल ते चौकीला कळेल. लगेच अंमल सुरू झाला. कडूबाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि अक्षरावर बोट ठेवून वाचले :

“आ-मी... गा-ज-लो... आ-हो-त.”

“गांजलो,” बाई म्हणाल्या.

“टिंब न्हाय हितं.”

रणधीरने पाहिले. मॅडमनी पाहिले. बाबूरावांनी चष्मा पुसून दोनदा पाहिले. अनुस्वार खरोखरच नव्हता.

बाईंनी पेनासाठी हात पुढे केला. पण मॅडमनी पेन खिशात ठेवून दिले. कुंपणापाशी अर्धी वस्ती जमली होती. आता हेच विधान जास्त खरे आहे, तेव्हा टिंब देऊ नये, असे ठरले. मॅडम, रणधीर, अण्णा आणि कडूबाई यांनी संमती दिली. बाबूरावांनी सर्वांच्या आधी दिली. शेवटी शामलाबाईंनीही सही केली, आणि ती कडूबाईंकडून तपासून घेतली.