गॅरेजमधून ल्वारच्या काठाने

मेश्राम काका शनिवारी सकाळी सायकल चालवायला निघताना चेहऱ्याला सनस्क्रीन लावतात. कानाच्या पाळ्यांनासुद्धा. मग हेल्मेट, हातमोजे, पाठीवर खिसे असलेला घट्ट हिरवा शर्ट. शालूकाकूंनी भरून ठेवलेली पाण्याची बाटली उचलतात, स्वयंपाकघरातलं दार उघडतात आणि तीन पायऱ्या उतरून गॅरेजमध्ये जातात. सायकल तिथंच चालते. गॅरेजचं दार बंदच असतं.

"काका, इथं ऊन कुठंय?" पहिल्यांदा हा थाट पाहिला तेव्हा मी विचारलं होतं.

"जुलै महिना आहे बेटा," काका म्हणाले. "ल्वारच्या काठाला सावली नाही."

ल्वार ही फ्रान्समधली नदी. आम्ही राहतो अमेरिकेत, अल्फारेटाला. काकांच्या सायकलचं मागचं चाक एका जड लोखंडी स्टँडमध्ये जाम अडकवलेलं आहे, त्याला ट्रेनर म्हणतात. समोरच्या भिंतीवर मोठा टीव्ही. कुणीतरी हँडलला कॅमेरा बांधून फ्रान्सच्या नदीखोऱ्यांतून सायकल चालवली, त्याचं चित्रण त्यावर दिसत राहतं. चित्रात चढ आला की पेडल जड होतं, उतार आला की हलकं. काका वळणावर हात बाहेर काढून इशारा देतात. म्हातारी बाई दिसली की "बोंजूर" म्हणतात. एका गावात बेकरीतून एक कुत्रं धावून येतं. चित्रण तेच, कुत्रं तेच, पण काका दर वेळी पाय वर घेतात. "दोन वर्षं झाली," ते मला म्हणाले, "अजून ओळखत नाही लेकाचं."

चाळीस किलोमीटर झाले की काका उतरतात, घाम पुसतात, घडीच्या खुर्चीवर बसून डब्यातली भाकरी आणि झुणका खातात. समोर टीव्हीवर नदी थांबवून ठेवलेली असते.

मी पहिली नोकरी लागून इथं आले तेव्हा एअरपोर्टवर मला घ्यायला मेश्राम काका-काकू आले होते. ओळख काहीच नव्हती. आमच्या दिग्रसच्या एका सरांनी फोन केला होता, तेवढ्यावर. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळे मला काही विचारायला कोणी नव्हतं. बँकेत खातं कसं उघडायचं, थंडीचा कोट कोणता घ्यायचा, मॅनेजरला नाही कसं म्हणायचं, हे सगळं मी काकांना विचारलं. कार चालवायला त्यांनीच शिकवलं. परीक्षेत मी दोनदा नापास झाले, तर दोन्ही वेळा मला जेवायला घेऊन गेले आणि विषयही काढला नाही.

काकांचा सगळा सल्ला सायकलच्या भाषेत असतो. "नदी सोडायची नाही" हे त्यांचं मुख्य वाक्य. नदीच्या काठानं गेलं की फार चढ लागत नाही, म्हणून. मी नोकरी बदलायची का विचारलं, तर म्हणाले, "नदी सोडू नको." काकूंनी भाजीत नवीन मसाला घातला, तरी तेच.

कुणी युरोपला जाऊन आलं की त्याची धडगत नसते. एका पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, नागपूरचे एक नवराबायको पॅरिसचे फोटो दाखवत होते. काकांनी नम्रपणे विचारलं, "ल्वारकाठी आंब्वाजला गेला होता? पुलावरून उतरलं की डावीकडे दगडी पायऱ्या आहेत, त्यातली तिसरी तुटली आहे. दुरुस्त केली का हो?" ते बिचारे ओशाळले. काका स्वतः फ्रान्सला कधीच गेले नव्हते.

वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत ते गुणवत्ता तपासायचे. केसाएवढा दोष दिसला की माल परत. "खोटं चालणार नाही" असं म्हणून शिक्का मारणारा माणूस. गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. आम्ही सगळ्यांनी हॉल घेऊन छोटा समारंभ केला. भाषणं झाली, आणि शेवटी शालूकाकू माइकवर आल्या. काकू बोलायला फार उठत नाहीत.

"यांना मी काय देणार," त्या म्हणाल्या, आणि पाकीट पुढे केलं. सप्टेंबरमध्ये ल्वारच्या काठानं आठ दिवसांची सायकल सहल. दोघांची. टाळ्या थांबेनात. काकांनी पाकीट दोन्ही हातांत धरलं आणि खालीच बसले. मला वाटलं, आनंदानं.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "बेटा, येऊन जा जरा. काकू दुकानात गेली आहे."

गॅरेजमध्ये काका घडीच्या खुर्चीवर बसले होते. टीव्ही बंद.

"प्रतीक्षा, मला सायकल येत नाही."

मी हसले. ते हसले नाहीत.

"काका, तुमचे चार हजार किलोमीटर झालेत!"

"ती पडत नाही ना पण! स्टँडवर आहे. रस्त्यावरची पडते."

मग त्यांनी सांगितलं. हिंगणघाटला त्यांचे वडील जिनिंग मिलमध्ये चौकीदार होते. घरात एकच सायकल, आणि ती मोडली तर कामावर जायचं कसं, म्हणून पोरांनी हात लावायचा नाही. लहानपणी काका ती रविवारी पुसून काढायचे आणि स्टँडवर लावून नुसते पेडल मारायचे. शिकायचं राहूनच गेलं. पुढे मुलगी बघायला गेले तेव्हा सासऱ्यांनी सहज विचारलं, सायकल येत असेलच? काकू तेव्हा सायकलवरून शाळेत शिकवायला जायच्या. काका म्हणाले, येते.

"एवढंच ना?" मी म्हटलं. "काकू हसतील आणि विसरतील."

"एवढंच नाही." काका हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळत होते. "लग्नानंतर ती स्वतःची सायकल घेऊन आली होती. पहिल्या पगाराची. एक दिवस म्हणाली, चला तलावापर्यंत जाऊ, तुम्ही शेजाऱ्यांची घ्या. माझी तर फजिती. मी म्हणालो, लग्न झालेल्या बाईनं सायकलवर फिरलेलं बरं दिसत नाही."

मी पायरीवर बसले.

"ती काही बोलली नाही. आठवड्यात सायकल भाचीला देऊन टाकली. त्याच एप्रिलमध्ये जयंतीला मी स्त्री-पुरुष समानतेवर भाषण दिलं. खूप टाळ्या पडल्या. शालू पहिल्या रांगेत होती." त्यांनी पट्टा सोडला. "माझी लाज झाकायला मी तिची सायकल बंद केली बेटा. पस्तीस वर्षं."

"मग आता सांगून टाका ना."

"सांगीन. पण तिच्या बाजूनं चार पेडल मारून सांगीन. रिकाम्या हातानं माफी मागायची काय?"

हातात सहा रविवार होते.

आम्ही एका शाळेच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये जायचो. काकूंना सांगायचं, वॉकला चाललो. मी मैत्रिणीची सायकल आणली. आठवीत मला शाळेकडून सायकल मिळाली होती, पाच किलोमीटर जायचे त्यावर, तेव्हा मला वाटलं शिकवणं सोपं असेल.

काकांना सायकलबद्दल सगळं माहीत होतं. पेडल मिनिटाला किती वेळा फिरावं, चढावर गिअर कोणता, वारा तिरका आला तर काय. मी सीट धरून मागे पळायचे आणि ते पुढे व्याख्यान देत देत झुडपात जायचे.

"काका, खाली बघू नका! समोर बघा!"

"खाली नाही बघितलं तर रस्ता कुठंय कळेल कसं?"

"गॅरेजमध्ये खाली बघत होता का?"

"तिथं रस्ता आपला आपण येतो!"

कुत्र्याला फिरवणाऱ्या एक गोऱ्या आजी दर वेळी थांबून "यू गॉट धिस!" असं ओरडायच्या. काका त्यांना थँक्यू म्हणायला मान वळवायचे आणि पडायचे. तिसऱ्या रविवारी मी आजींना हात जोडून सांगितलं, प्लीज, प्रोत्साहन देऊ नका.

चौथ्या रविवारी काकांचं कोपर सोललं. "ही सायकल डिफेक्टिव्ह आहे," ते म्हणाले. "मी असते तर परत पाठवलं असतं," मी म्हटलं, "चालवणाऱ्याला." तेव्हा कुठं ते हसले.

सहाव्या रविवारी मी सीट सोडली आणि त्यांना कळलं नाही. पार्किंगच्या टोकापर्यंत सरळ गेले. तिथं त्यांना वळता येईना, म्हणून उतरले, सायकल हातानं फिरवली, पुन्हा बसले आणि सरळ परत आले. घामानं डबडबले होते.

"आली!" ते म्हणाले.

"पण काका, वळणं?"

"उतरीन ना. तुला घाई आहे काय?"

सप्टेंबरमध्ये ते दोघं फ्रान्सला गेले. पहिले दोन दिवस काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे सकाळचे सहा वाजले होते, फोन वाजला. तिकडे दुपार असणार. वाऱ्याचा आवाज येत होता.

"बेटा, सांगितलं."

मी अंथरुणात उठून बसले. "कुठं? कसं?"

"नदीच्या काठानं. चार पेडल म्हणालो होतो, चारशे तरी मारले असतील. मग वळण आलं, मी उतरलो, तीही उतरली. तिथंच सांगितलं. सगळं. तलावाचं पण."

"काकू काय म्हणाल्या?"

"विचारलं, तेव्हा का नाही सांगितलं? मी तुम्हाला शिकवली असती."

फोनमध्ये वारा खरखरला.

"मग तिनं हेल्मेटचा पट्टा आवळला. म्हणाली, मी पुढच्या गावापर्यंत जाऊन येते, तुम्ही बसा इथं. आणि गेली. मी बसून आहो पुलाच्या कठड्यावर."

"रागावल्या असतील?"

"असेलच. राहू दे." त्यांचा आवाज मात्र वेगळाच होता, घाईघाईचा, लहान मुलासारखा. "अगं पण काय चालवते ती! मी कधी पाहिलीच नव्हती ना. रस्ता सरळ आहे, दोन्ही हात सोडलेत बघ तिनं. हात सोडून चालली आहे!"

"मागे वळून बघितलं का तुमच्याकडे?"

"नाही. एकदा पण नाही."

मी म्हटलं, "काका, ठेवू का फोन?"

"थांब जरा," काका हळूच म्हणाले. "ठेवू नको. त्या झाडांपर्यंत दिसते ती. तोपर्यंत काही बोलू नको."

मी फोन कानाशी धरून गप्प बसले.