बार्बाचा रांजण

आमच्या ग्रीसमधल्या कोर्फू बेटावर ईस्टरच्या शनिवारी बाल्कनीतून खाली मडकी कोण फेकत नाही? ज्याला दोन हात आहेत तो फेकतो. पण मडकी फेकणं वेगळं आणि बाल्कनी सांभाळणं वेगळं. त्याला डोकं लागतं, आणि ते आमच्या चौकात फक्त मला आहे, असं मी गेल्या ईस्टरपर्यंत उघडपणे सांगत असे.

आमची बाल्कनी तिसऱ्या मजल्यावर, थेट चौकावर आहे. आमची म्हणजे सासूबाईंची. मी मूळचा केफालोनिया बेटावरचा, लग्न करून इथे आलो तो सासूबाईंच्या घरातच राहिलो. घरजावयाला किती मान असतो ते मी सांगायला नको. त्या घरात कासवाला माझ्यापेक्षा जास्त होता.

कासवाचं नाव बार्बा. सासरे बोटीवर नोकरीला होते, त्यांनी ते कुठल्याशा बंदरातून कोटाच्या खिशात घालून आणलं होतं. सासरे गेले, बार्बा राहिला. सासूबाई रोज सकाळी त्याला मासळीचे भाव सांगतात. हिवाळाभर, थेट ईस्टर होईपर्यंत, तो बाल्कनीच्या कोपऱ्यातल्या जुन्या रांजणात, माती आणि सुक्या पाल्याखाली झोपून असतो. खरं सांगायचं तर माझाही जीव आहे त्याच्यावर. माझं बोलणं मध्येच न तोडणारा घरात तो एकटाच.

ईस्टरच्या शनिवारी चौकातल्या सगळ्या बाल्कन्या परदेशी पाहुण्यांना भाड्याने जातात. आमची तेवढी जात नाही. "परक्याचा पाय माझ्या बाल्कनीत नको," हा सासूबाईंचा कायदा. म्हणून मी शक्कल लढवली. जेवताना सहज सांगितलं की नगरपालिकेचा इंजिनिअर येऊन गेला, बाल्कनी कमकुवत झालीय, यंदा तिच्यावर कुणी उभं राहायचं नाही.

"कोण इंजिनिअर?" सासूबाईंनी विचारलं.

"नवा आहे. टकला."

"मला तर कुठे तडा दिसत नाही."

"तडा आतून आहे."

सासूबाईंनी बाल्कनीकडे एकदा वळून पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं. मी तो दिवस बहिणीकडे जाईन." इतक्या वर्षांत त्या माझ्याशी वाद न घालता उठल्या असं हे पहिल्यांदाच घडलं. माझ्या वक्तृत्वाचं मलाच कौतुक वाटलं.

शनिवारी सकाळी त्या बहिणीबरोबर गावच्या संताच्या मिरवणुकीला गेल्या आणि मागच्या जिन्याने मी सहा बेल्जियन पाहुणे वर आणले. सगळे भरभक्कम. बाल्कनीला खरंच इंजिनिअर दाखवावा असं क्षणभर मनात आलं. पाण्याने भरलेली मडकी ओळीने मांडली होती, प्रत्येकाच्या कानाला लाल फीत. मी हातवारे करून समजावलं: चर्चच्या घंटा झाल्या की फेकायचं. लाल फीत असेल ते फेकायचं. लाल फीत नसेल त्याला हात लावायचा नाही. इतका सोपा नियम की चूक करायला जागाच नाही.

मी निर्धास्तपणे कॉफी करायला आत आलो. बायको, लुकिया, ताटात बिस्किटं लावत होती.

"पाहुणे खूश आहेत ना?" तिने विचारलं.

"का नसतील? मी आहे ना."

"फोटोही छान येतील बघ. उरलेल्या फिती मी सगळीकडे बांधून टाकल्या. फुलांच्या कुंड्यांना, कठड्याला, त्या कोपऱ्यातल्या जुन्या रांजणालासुद्धा. आणि आई सांगत होती की—"

आई काय सांगत होती ते मी ऐकलंच नाही. चौकातल्या साऱ्या घंटा एकदम सुरू झाल्या आणि मला रांजणातला बार्बा आठवला.

मी धावत बाल्कनीत पोचलो तेव्हा फुलांची पहिली कुंडी निघाली होती. पण माझं लक्ष पाहुण्यांतल्या डिर्ककडे होतं. सहा फुटी गडी, आणि सगळ्यात मोठं मडकं आपणच फेकायचं हे त्याने केव्हाच ठरवलं असावं. रांजण त्याने छातीशी कवटाळला होता.

"नको! तो नको!" मी ओरडलो. घंटांच्या गजरात माझं मलाच ऐकू आलं नाही. मी झेप घेऊन रांजणाला मिठी मारली. डिर्कला वाटलं, यजमान मदतीला आले. तो कृतज्ञतेने हसला, "एक, दोन" असं काहीतरी आपल्या भाषेत म्हणाला आणि माझ्या चार हाडांसकट त्याने रांजण कठड्यावर चढवला. खालून लोकांनी टाळ्यांचा ताल धरला. मी ओढत होतो, तो ढकलत होता. शेवटी रांजण सोडला नाही तर मीही खाली जाणार हे कळलं आणि मी हात सोडले.

बाकीची मडकी फुटली की पाणी उडतं. हा रांजण नुसता धप्प झाला. तो आवाज माझ्या अजून कानात आहे.

मी स्वयंपाकघरातलं सगळ्यात मोठं पातेलं डोक्यावर घातलं आणि खाली पळालो. वरून मडकी कोसळतच होती. फुटक्या मडक्याचा तुकडा शुभ मानतात, त्यामुळे लोक तो उचलायला टपलेले. मी त्यांच्या पायांतून मातीत रांगत होतो. माती सापडली, पाला सापडला. बार्बा नाही. ओळखीच्या हवालदाराने माझी कॉलर धरली.

"गेरासिमो, तुकडा घे आणि बाजूला हो. काय शोधतोयस?"

"कासव पडलंय."

"कुठून?"

"तिसऱ्या मजल्यावरून."

"आपणहून?"

मी कॉलर सोडवून घेतली. कुणीतरी बार्बाला शुभ तुकडा समजून पिशवीत घातलं असणार आणि तो आता विमानाने कुठेतरी जाणार, या विचाराने मला रडू फुटलं. पातेलं डोक्यावर, हातात मूठभर पाला, अशा अवस्थेत मी जिन्यात बसलो होतो, आणि समोरून मिरवणुकीहून परतलेल्या सासूबाई आल्या.

खोटं बोलायची ताकदच उरली नव्हती. मी सगळं ओकून टाकलं. बार्बा गेला. माझ्याच हातून गेला. बाल्कनी भाड्याने दिलीय. वर सहा बेल्जियन आहेत. तडा नाही, कधीच नव्हता. इंजिनिअरही नाही. टकलासुद्धा नाही.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग वर चढल्या. मी मागोमाग. त्या स्वतःच्या खोलीत गेल्या, जिथे मला प्रवेश नाही, आणि पलंगावरून लोंबणारी चादर बाजूला केली. खाली बार्बा लेट्यूसचं पान चावत बसला होता.

"तेच तर सांगत होते," मागून लुकिया म्हणाली, "तू पळालास."

मी जमिनीवर बसून बार्बाच्या पाठीवरून हात फिरवला. "पण हा आत कसा आला?" मी कसंबसं विचारलं.

"मी आणला," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात ना, बाल्कनी पडायला आलीय. त्याच रात्री त्याला रांजणातून उचलून आत आणला." त्यांनी माझ्या डोक्यावरचं पातेलं काढून लुकियाच्या हातात दिलं. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तुमचा शब्द खरा धरला होता मी, जावईबापू."