प्रत्यक्ष शेती करणारी व्यक्ती (एक)

कोणतीही गोष्ट वाचवायची तर आधी तिच्यासाठी कक्ष स्थापन करावा लागतो, याबद्दल जाणकारांत दुमत नाही. त्यानुसार गावातली शेती आणि गावातलं अन्न यांना नवसंजीवनी देणारा कक्ष निघाला. कक्षाला खोली मिळाली, खोलीला पंखा मिळाला, पंख्याखाली सहा खुर्च्या आल्या. नमनाला घडाभर तेल म्हणतात. इथे तेलाची वेगळी उपसमिती होती.

कक्षाने प्रथम पाहणी केली. घरं तीनशे बारा. शेतीबद्दल आस्था असलेली तीनशे अकरा, शेती करणारं एक. ते घर काकूंचं. रुग्णालयाच्या मागच्या भिंतीला लागून त्यांचा घेवड्याचा मळा होता.

नियमावलीत (पान चार) एक अत्यंत लोकाभिमुख कलम होतं: प्रत्यक्ष शेती करणारी व्यक्ती हजर नसेल, तर कोणतीही बैठक वैध धरू नये. ऐकून काकूंना भरून आलं. "आपल्यावाचून त्यांचं पान हलणार नाही म्हणे," त्या जावेला म्हणाल्या. ते खरंच होतं. समित्या अकरा होत्या आणि व्यक्ती एक.

त्याच आठवड्यात रुग्णालयाच्या आचाऱ्यानं काकूंना बोलावलं होतं. "कोवळ्या शेंगा द्या काकू, सोमवारपासून दिवसाआड सकाळी वीस किलो. जून नकोत, आजारी माणसाला चाववत नाहीत. आणि तीन खेपा चुकल्या की मी आपली बर्फातल्या शेंगांची पिशवी मागवणार. मला दीडशे ताटं वाढायची असतात." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी काकूंचा माल हक्कानं मागत होतं. त्या रात्री दोनदा उठून मळ्याकडे बघून आल्या.

सोमवारी 'स्थानिक अन्न: एक चिंतन' हे चर्चासत्र होतं, जिल्ह्याला, पहाटेच्या बसने.

"जाऊच नका," जाऊ म्हणाली. (तिचा हात प्लास्टरमध्ये होता, नाहीतर तिनंच शेंगा खुडल्या असत्या.)

"न जाऊन चालतंय कुठं? एकदा जरी गैरहजर राहिलं की शेतकरी म्हणून नोंद रद्द. नोंद नसली की रुग्णालय माल घेत नाही."

चर्चासत्रात जेवायला घेवडाच होता. तो नऊशे किलोमीटरवरून बर्फातून आला होता आणि त्यावर आयोजकांनी समाधान व्यक्त केलं. बुधवारी 'शेतकऱ्याला वेळ का पुरत नाही' या विषयावर पाच तास चर्चा झाली. शुक्रवारी काकूंचा सत्कार होता, आणि तो तीन भाषणांनंतर होता.

पहिल्या भाषणातच काकू उठल्या. "साहेब, मला सोडा. शेंगा जून होतायत."

"तुम्ही गेलात तर बैठक अवैध ठरेल," कक्षप्रमुख कळकळीनं म्हणाले. "मग तुमच्या शेतीचं पुनरुज्जीवन करायचं कुणी?"

"आणि शेंगा खुडायच्या कुणी?"

"त्यासाठी स्वतंत्र योजना विचाराधीन आहे. तिच्या समितीवर तुम्ही आहातच."

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "घाला तुमची योजना चुलीत!" म्हणून त्यांनी पिशवी उचलली आणि तडक बस गाठली. (कार्यवृत्तात 'मान्यवरांनी मनोगत व्यक्त केले' अशी नोंद आहे.)

दुपारभर त्या खुडत होत्या. वेलींवर बहुतेक शेंगा दोरखंडासारख्या झाल्या होत्या. तरी शोधून शोधून एक टोपली कोवळ्या निघाल्या. त्या घेऊन काकू रुग्णालयात गेल्या, तर स्वयंपाकघराच्या दारात बर्फातल्या शेंगांच्या पिशव्यांची गाडी रिकामी होत होती. "तीन खेपा मोजल्या मी काकू," आचारी म्हणाला. त्याला त्यांच्याकडे बघवलं नाही.

शेवटी काकू टोपली घेऊन फाटकाबाहेर रस्त्यावर बसल्या. तासाभराने एक गाडी थांबली.

गाडी तुमची होती. उगाच मागे वळून बघू नका. तुम्ही उतरलात, "असलं अस्सल हल्ली मिळतच नाही हो," म्हणालात, आणि काकूंना ते इतकं खरं वाटलं, की त्या तराजू घ्यायला वाकल्या. तेवढ्यात तुम्ही टोपलीचा फोटो काढलात. एक शेंग मोडून पाहिलीत (कोवळी होती). मग निवडत बसायला वेळ कुणाला आहे, असं स्वतःशी म्हणत पुढच्या दुकानातून बर्फातली पिशवी घेतलीत. मोडलेली शेंग मात्र तुम्ही अगदी आठवणीनं टोपलीत परत ठेवली होती.