बापू परबांचा तळमजला

दवाखान्यात नाव पुकारलं की बापू परबांना ते आपलंच आहे हे आठवत नसे.

कारण खरं नाव ते कधी द्यायचेच नाहीत. मुलुंडच्या डॉक्टरकडे ते सुर्वे होते, बोरिवलीच्या डॉक्टरकडे कदम. आम्ही राहतो वाकोल्याला. आमच्या गल्लीत वडापावच्या गाड्यांपेक्षा डॉक्टरांच्या पाट्या जास्त. पण बापूंना दवाखाना लांबचाच लागे. "हय सगळे वळखीचे रे," ते म्हणायचे. "बाकड्यावर बसलंय तर विचारतत, काय होता? काय सांगू त्यांका?" मी शेजारी, माझ्याकडे स्कूटर, आणि रविवारी मी मोकळा. त्यामुळे मागच्या सीटवर बापू बसायचे आणि आम्ही मुंबईच्या एका टोकाला निघायचो.

"मधुकर सुर्वे!" कंपाउंडर ओरडायचा. कोणी उठायचं नाही. तो पुन्हा ओरडायचा. मग बापू माझ्या कानाशी लागून विचारायचे, "संजा, आज मी सुर्वे की कदम?"

बापूंनी उभं आयुष्य फोर्टातल्या एका ऑफिसात लिफ्ट चालवली होती. माणसाचं शरीरसुद्धा त्यांना मजल्यामजल्यांचंच दिसे. डोकं म्हणजे गच्ची. छाती दुसरा मजला, पोट पहिला. त्याखाली जे काही असेल ते सगळं तळमजला. त्या मजल्यावरच्या कुठल्याही अवयवाचं नाव त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही.

एकदा एका तरुण डॉक्टरला ते म्हणाले, "तळमजल्यावर जरा गळती आहे."

"मग सोसायटीत कम्प्लेंट करा ना काका," तो म्हणाला.

मी हसत सुटलो. बापू हसले नाहीत. डॉक्टरच्या लक्षात आलं तेव्हा तोही गंभीर झाला आणि म्हणाला, "झोपा टेबलावर, बघू." बापू ताडकन उठले. "मी सांगायला आलो, दाखवायला नाय." चप्पल पायात सरकवून ते बाहेर आले आणि मी स्कूटर काढायच्या आत गेटपाशी जाऊन उभे राहिले.

मला त्यांनी सांगितलं होतं की उष्णता आहे. साकीनाक्याला एक बोर्ड होता, 'मूळव्याध, ऑपरेशनशिवाय, ग्यारंटी'. तिथली करडी पावडर ते ताकातून घ्यायचे. सुरण खायचे. तिखट सोडलं, मग मटण सोडलं, मग मासेही सोडले. मालवणी माणसाने मासे सोडले तेव्हाच खरं तर बिल्डिंगने दचकायला हवं होतं. पण बिल्डिंगचं लक्ष त्यांच्या धुण्याकडे होतं. सकाळी कोणी उठायच्या आत बापू पॅसेजमधल्या नळावर आपली पँट घासत बसलेले असत. नेहमी काळी पँट. "बापूंना सोवळ्याचं वेड लागलं," असं म्हणून आम्ही सगळे हसायचो.

त्यांची सून शीतल हसत नसे. बापूंचा मुलगा नितीन जहाजावर नोकरीला, वर्षातले बरेच महिने बाहेर. बापूंची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यामुळे त्या एका खोलीत आणि स्वयंपाकघरात सासरा आणि सून, दोघंच. "बापू जेवत नाहीत हो," ती मला म्हणाली होती. "ताटावर बसतात, कालवतात आणि उठतात. मला वाटतं, खाल्लं की जावं लागतं, म्हणून खातच नाहीत."

"विचार ना त्यांना."

"मी कशी विचारू? मी सून आहे."

मग खालच्या मजल्यावरच्या सत्यनारायणाला ते घडलं. आरती सुरू झाली तसे सगळे उभे राहिले. बापूही उठले. ते बसले होते ती पांढरी प्लास्टिकची खुर्ची लाल झाली होती. आधी एका बाईने पाहिलं, मग तिच्या बाजूचीने. आरती म्हणणारे आवाज एकेक करून बंद पडले. बापूंना वाटलं लोक शब्द विसरले, म्हणून ते एकटेच मोठ्याने म्हणत राहिले. मग त्यांनी वळून पाहिलं.

शीतल पुढे झाली. तिने आपली ओढणी काढली आणि त्यांच्या कमरेभोवती गुंडाळली, लहान पोराला गुंडाळावी तशी. "चला बापू, घरी जाऊ." दोघंही जिना चढून गेले. खुर्ची मी उचलली आणि नळावर नेऊन धुतली. ते रक्त मूळव्याधीचं वाटावं इतकं थोडं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बापूंनी न्हाणीघराची कडी आतून लावली आणि ते बाहेरच येईनात. शीतलने मला हाक मारली. मी दरवाजा ठोकला. "बापू, संजय आहे. उघडा."

"तू जा रे झिला. माका काय झाला नाय."

शीतल दरवाजाला टेकून खाली बसली. म्हणाली, "बापू, माझं पोटातलं बाळ गेलं तेव्हा नितीन कुठे होता? समुद्रात. मला उचलून रिक्षात कोणी घातलं? तुम्ही. हॉस्पिटलात कोणी लक्ष देईना तेव्हा कोण ओरडलं, की माझ्या पोरीला पोटातून रक्त जातंय, आधी हिला बघा? घरी आल्यावर माझ्या चादरी कोणी धुतल्या? मी लाजले का तुम्हाला?"

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. शेजारी राहून माहीत नव्हतं. शीतल त्या वेळी माहेरी गेली असं बापूंनी सगळ्यांना सांगितलं होतं.

आतून नळ बंद केल्याचा आवाज आला. मग कडी निघाली.

सरकारी हॉस्पिटलातल्या सर्जन बाईंनी केसपेपरवरचं नाव वाचलं. "गोविंद परब?" बापू लगेच म्हणाले, "होय, मीच." या वेळी ते टेबलावरही झोपले. भिंतीकडे तोंड करून, मुठी आवळून. तपासून झाल्यावर बाईंनी हातमोजे काढले आणि विचारलं, "कधीपासून जातंय रक्त?"

"गेल्या दिवाळीपासून."

"त्याच्या आधीच्या दिवाळीपासून," शीतल म्हणाली. "पँट तेव्हापासून धुतायत."

बाई चिडल्या. "बाबा, तेव्हा आला असतात तर छोटं काम होतं हो."

आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं. गुदद्वार शिवून टाकलं आणि पोटाला भोक पाडून तिथे पिशवी लावली. आता आयुष्यभर सगळं त्या पिशवीत येणार होतं. पहिल्या दिवशी नर्सने पिशवी बदलायला शीतलला शिकवलं तेव्हा बापूंनी चादर तोंडावर ओढून घेतली. शीतल हात धुऊन आली आणि म्हणाली, "झालं. चहा घेणार?" चादरीतून आवाज आला, "घेतंय."

ते हळूहळू हिंडू-फिरू लागले. मासेही खायला लागले. मग तपासणीत बाईंना काहीतरी शंका आली. रिपोर्टच्या दिवशी शीतलला ताप होता, म्हणून मी बापूंसोबत गेलो. बाईंनी आम्हाला बसवलं, आवाज खाली आणला. कॅन्सर लिव्हरमध्ये पसरला होता. आता ऑपरेशनचा उपयोग नव्हता. औषधं देऊ, त्रास होऊ देणार नाही, असं त्या म्हणाल्या. बापूंनी हात जोडले आणि आम्ही बाहेर आलो.

बाकड्यावर एक कोळीण मुलीशी भांडत होती. वर्सोव्याला मासे विकणारी, धिप्पाड बाई, पण डोळे रडून सुजलेले. "माना नको ती पिशवी," ती म्हणत होती. "गू पोटाशी बांधून बाजारात बसू? कोन मावरा घेल माज्याकरशी? त्यापरी मेलेली बरी." मुलगी हात जोडत होती, बाई उठून निघत होती.

बापू थांबले. मला वाटलं चक्कर आली. पण ते सरळ त्या बाईपुढे जाऊन उभे राहिले आणि शर्टाची बटणं काढायला लागले. सगळी ओपीडी बघत होती. त्यांनी बनियन वर केला.

"ही बघ गो बाय, पिशवी. बघ, हात लाव. काय नाय होणा."

बाई बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "वास नाय येत?"

"माका तरी नाय येत. आणि तुझ्या सुकटीच्या पाटीपुढे ह्येचो वास खंय येतलो?"

बाईला रडता रडता हसू फुटलं. मुलगीही हसली. "दुखतं?" बाईने विचारलं.

"पहिले चार दिवस. मग सवय होता."

"आन् आता? आता बरं हाय तुमचं?"

मी खाली बघितलं. बापू म्हणाले, "एकदम झकास. मरूक वेळच नाय."

बाई पुन्हा बाकड्यावर बसली. मुलीला म्हणाली, "जा, डॉक्टरनीला इचार, कंदी यायचा ता."

जिन्यापाशी आलो तरी बापूंच्या शर्टाची बटणं उघडीच होती. मी लावली.

घरी शीतल दारातच उभी होती, अंगावर चादर घेऊन. "काय म्हणाल्या डॉक्टर?" मी सांगायला काहीतरी गोड शोधत होतो. बापूंनी मला हाताने थांबवलं, तिला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः समोर जमिनीवर बसले.

"शीतल," ते म्हणाले, "लिव्हरात गेलाय गो. आता बरो होवचो नाय." आणि ती रडायला लागली तेव्हा तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणाले, "ताप हा तुका अजून. काय खाल्लंस काय?"