एका वेळी एकानं बोलावं

शिर्केमामा मीटरचा आकडा वाचण्याआधी डोक्यावरची टोपी काढून ठेवत. कापूरहोळच्या आमच्या कारखान्यात रेडिओचे सुटे भाग तपासत, आणि तपासणीच्या खोलीत पाली गावच्या या मामांचं राज्य होतं. व्होल्टमीटर म्हणजे ‘आबासाहेब’, शेजारचं यंत्र ‘आक्का’. आबासाहेबांचा काटा डुलत असताना कोणी शिंकलं तरी मामा डोळे वटारत. “येका टायमाला येकानं बोलावं,” हा त्यांचा कायदा. मॅनेजरसाहेबांनाही त्यांनी एकदा नुसता हात दाखवून गप्प केलं होतं.

मग पुण्याहून एक तरुण इंजिनिअर कॉम्प्युटर घेऊन आले; त्यांना सगळे धाकटे साहेब म्हणत. आधी एका यंत्राला एक तार अशी जोडणी झाली, आणि त्या गुंत्यात साहेबच अडकले. नंतर नवी जाड केबल आली, उजळणाऱ्या आकड्यांचे नवे मीटर आले. केबलचे प्लग एकावर एक चढवायचे, यंत्राच्या पाठीवरचे बारीक खटके सरकवून प्रत्येकाला वेगळा नंबर द्यायचा. कॉम्प्युटर ज्याचा नंबर पुकारेल, त्यानंच उत्तर द्यायचं. आबासाहेब कपाटात गेले. ज्यांच्या डोळ्यांवर कारखाना पंधरा वर्षं चालला, त्या मामांना सांगण्यात आलं, कशालाही हात लावायचा नाही.

कंपनीचे मोठे साहेब पाहायला आले त्या दिवशी कागदावर भलतेच आकडे छापून आले. धाकटे साहेब सर्वांदेखत म्हणाले, या म्हाताऱ्यानंच काहीतरी हलवलंय.  सगळे चहाला गेले तसे मामा यंत्रांच्या मागं गेले आणि टाचणीनं एक खटका सरकवला. मी दारातून पाहत होतो. मामांना विचारलं तेव्हा कळलं, साहेबांनी घाईत दोन यंत्रांना एकच नंबर दिला होता. हाक आली की दोन्ही एकदम बोलत.

चहानंतर आकडे बिनचूक आले. टाळ्या साहेबांना मिळाल्या. मामांना मिळाली गोदामात बदली, कारण ‘यंत्रांशी छेडछाड’.

माझं डोकं फिरलं. चूक कामगाराच्या माथी मारायची आणि त्याच्या अकलेवर आपण मिरवायचं! खुर्चीवाल्यांची ही रीत मी मोडणारच होतो. मोठ्या साहेबांच्या नावे दोन पानी तक्रार अर्ज लिहिला, गोदामात जाऊन मामांना वाचून दाखवला आणि सहीसाठी पेन पुढं केलं.

“न्हाई,” मामा म्हणाले. “पोराची पयलीच नोकरी हाय. पाठ भिजली हुती त्याची घामानं. तुमी बगितलं न्हाई.”

“त्यानं तुमचं काय केलं, ते बघितलं मी. तुमची जागा गेली, मामा.”

मामा एक खोकं ओढून त्यावर बसले.

“त्ये मधलं परत वाचा,” ते म्हणाले.

“कुठलं?”

“पंदरा वर्सांत येक आकडा चुकला न्हाई, त्ये.”

मी वाचलं. मामांनी अर्ज घेतला, सही न करताच चार घड्या घालून खिशात ठेवला.

“माज्यावर कुणी येवढं लिवलं न्हाई आजवर,” ते म्हणाले.

थोड्या वेळानं त्यांनी तो पुन्हा बाहेर काढला आणि माझ्या हातात दिला. “आणिक येकदा वाचा. सावकाश.”